मैदानात ताई

आमच्या संघात माझ्या आईला सगळ्या ताई म्हणतात. ती संघाची फिजिओ. माझी निवड झाली त्याच दिवशी तिने बजावलं होतं, "घरी आई, संघात ताई. नाहीतर पोरी म्हणतील, वशिल्याने आलीये." मीही ताई म्हणायला लागले. नावापुरतंच, अगं-तुगं तसंच राहिलं. ओरडा मात्र दोघींचा खायचे.

सोळा वर्षांखालच्या मुलींची आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा होती. उपान्त्य सामना आम्ही जिंकलो. पोरी हॉटेलभर नाचत होत्या आणि मी न्हाणीघरात नळ सोडून रडत होते. उडीवरून उतरताना माझा डावा गुडघा आत वळला होता. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अंतिम सामना, आणि पुढच्या वर्षी माझं वय उलटणार. म्हणजे खेळले तर आत्ताच, नाहीतर कधीच नाही.

मी आईच्या खोलीचं दार वाजवलं आणि मुद्दाम हाक मारली, "आई."

तिला बरोबर कळलं. तिने दार लावून घेतलं.

"काय झालं बाळा?"

"आधी सांग, कुणाला सांगणार नाहीस."

"नाही सांगत."

मग मी पायजमा वर केला. तिने गुडघा दाबून पाहिला, वाकवून पाहिला, बर्फ लावला, पट्टी बांधली, डोक्यावरून हात फिरवला. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

सकाळच्या बैठकीत प्रशिक्षक सरांनी मैदानात उतरणाऱ्या पाच जणींची नावं वाचली. माझ्या जागी चिमणी. ही आमची सगळ्यात बुटकी, एरवी माझ्या बाटल्या भरणारी.

"गुडघा दुखावलाय म्हणे तुझा," सर म्हणाले. "ताईंनी वेळेवर सांगितलं म्हणून बरं."

ताई खाली बघून कुणाच्या तरी घोट्याला पट्टी बांधत होत्या.

मी तिला जिन्यात गाठलं. "मी आईला सांगितलं होतं!"

"ऐकलं ताईनेही. कान दोघींचे एकच आहेत गं."

"मग नाही सांगत का म्हणालीस?"

"नाहीतर तू गुडघा दाखवला नसतास. त्यावर खेळली असतीस आणि जन्माची लंगडी झाली असतीस."

"म्हणजे गोड बोलून काढून घेतलंस. केसाने गळा कापलास माझा!"

तिचं चुकलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून तर जास्त संताप आला. सरळ म्हणाली असती, 'सांगणार', तर मी भांडले असते, दार आपटलं असतं. पण तिने आई होऊन माझ्याकडून काढून घेतलं आणि ताई होऊन सरांना दिलं. कुंपणानेच शेत खाल्लं. तक्रार करायची कुणाकडे?

आम्ही जिंकलो. शेवटचा बास्केट चिमणीने टाकला, माझ्याच जागेवरून. मी बाकावरून टाळ्या वाजवल्या. मनापासून नव्हत्या.

सगळ्या मैदानात धावल्या. आई नाही गेली. ती माझ्यासमोर येऊन गुडघ्यांवर बसली. डोळे भरलेले.

"संपली स्पर्धा. आता आई म्हण की."

मी पाय पुढे केला.

"ताई, पट्टी फार घट्ट झालीये. जरा सोडता का तुम्ही?"

ती खाली वाकली. स्वतःच बांधलेल्या पट्टीचं टोक आईला बराच वेळ सापडेना.