शेऱ्याचा रकाना

करंजटाकळीच्या हवामान-केंद्रात एकोणीस वर्षांत एका दिवसाचाही खाडा पडला नव्हता, आणि सिताराम गुरुजींना आयुष्यात दुसऱ्या कशाचा अभिमान असो-नसो, याचा होता. केंद्र म्हणजे तरी काय? चार पायांवर छातीइतकी उंच उभी केलेली, झडपांच्या फटींतून वारा खेळेल अशी एक पांढरी लाकडी पेटी. तिच्यात आडवे निजवलेले दोन तापमापक. शेजारी पाऊस मोजायचं भांडं. गाव तिला खुराडं म्हणे. शाळा भरण्याआधी साडेआठला आणि सुटल्यावर साडेपाचला गुरुजी त्या खुराड्याचं दार उघडत, श्वास रोखून पाऱ्याच्या टोकाशी डोळा नेत आणि आकडा नोंदवहीत उतरवत. बहात्तरच्या कोरड्या सालात हे काम त्यांच्याकडं आलं. बापाला माती दिली त्या सकाळीही आधी पारा वाचला होता. ‘माणूस बापाला चुकला, खुराड्याला न्हाई चुकला,’ असं गाव म्हणालं. ते त्यांनी कौतुक म्हणूनच घेतलं.

एक्क्याण्णवच्या ऑक्टोबरात परभणीहून हवामानाचे अधिकारी नागनाथराव जीप घेऊन आले, ते हसतमुखानंच. ओसरीवरच्या बाजेवर त्यांनी एक कागद पसरला. त्यावर काळ्या शाईची एक रेघ होती.

“गुरुजी, अभिनंदन. तुमचं गाव दिल्लीच्या अहवालात जातंय. पुढच्या जूनमध्ये ब्राझीलला साऱ्या जगाची परिषद भरणार आहे. पृथ्वी तापत चाललीय, त्याचं काय करायचं, यावर.”

चहाची कपबशी पुढं करत चांगुणाबाई म्हणाल्या, “आमच्या गावच्या उन्हाचं तितं काय काम?”

“आहे ना, वहिनी. कोळसा आणि तेल जाळलं की जो वायू सुटतो, तो गोधडीसारखा पृथ्वीवर बसतो. ऊब आत येते, पण सुटत नाही. गोऱ्या देशांनी शंभर-दीडशे वर्षं जाळलं आणि श्रीमंत झाले. आता म्हणतात, हिंदुस्थाननं धूर आवरावा. त्यांच्या एका संस्थेनं तर आपल्या भातशेतीचा आणि गाईम्हशींच्या ढेकरांचा वायूसुद्धा मोजला.”

“अगं बया! आमच्या म्हशीच्या ढेकरा मोजायलेत व्हय?” चांगुणाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. “मग त्यान्ला म्हणावं, कडबा बी तुमीच धाडा.”

नागनाथरावही हसले. “आपलं म्हणणं एवढंच, की धूर मोजायचा तर माणशी मोजा, आणि आजवरचा सगळा मोजा. पण असं बोलायला पुरावा लागतो. ही तुमची रेघ. बहात्तरपासून न तुटलेली. आणि बघा, नऊ दशांश अंशांनी चढलीय. जाळलं त्यांनी आणि तापलं करंजटाकळी!”

सिताराम गुरुजी रेघेकडं पाहत राहिले. स्वतःच्या हातानं लिहिलेले हजारो आकडे असे एका रेघेत आलेले त्यांनी पहिल्यांदाच पाहिले. पहिली सहा वर्षं ती रेघ बांधावरून चालणाऱ्या माणसासारखी सपाट चालली होती. शेवटची तेरा वर्षंही जवळजवळ तशीच. चढ होता तो नावापुरताच. मध्ये एक पायरी होती. आणि पायरीखाली साल लिहिलं होतं : १९७८.

त्यांच्या हातातला चहा निवत गेला.

ती पायरी उन्हाची नव्हती. त्या साली जुलैच्या अखेरीस विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला, आणि आठवड्याच्या आत मराठवाडा पेटला. ऑगस्टच्या चार तारखेला, दिवस मावळता मावळता, करंजटाकळीच्या बौद्धवाड्यातली नऊ घरं जळाली. त्यांत गुरुजींचं होतं. दुसऱ्या सकाळी ते राखेत उभे असताना पेटी जिथं होती त्या शेताचे मालक आबासाहेब यांचा निरोप आला : खुराडं उचला. गुरुजींनी आणि चांगुणाबाईंनी ती पेटी डोक्यावर घेतली. काळ्या रानातल्या मोकळ्या गवतातून उचलली आणि वस्तीच्या कडेला, मुरमाड उघड्या जागी, पत्र्याच्या गोदामाच्या दगडी भिंतीलगत ठेवली. साडेआठला दहा मिनिटं कमी होती. साडेआठला त्यांनी पारा वाचला आणि आकडा लिहिला. शेऱ्याचा रकाना मात्र कोरा ठेवला.

का ठेवला? भीती होती, हे खरं. पण त्याहून मोठा होता तो हट्ट. घर जाळलं तरी यांना माझी मालिका तोडता आली नाही! जागा बदलली असं लिहिणं म्हणजे ती तुटली असं कबूल करणं, असं त्या तरण्या माणसाला वाटलं होतं. मालिका अखंड राखण्याच्या ईर्ष्येनं त्यांनी तिच्यातली भेग स्वतःच्या हातानं लिंपून टाकली होती.

आता गप्प राहिलं तर गावाचं नाव ब्राझीलला जाणार होतं.

“साहेब,” गुरुजी म्हणाले, “ही पायरी खोटी आहे.”

आणि त्यांनी सगळं सांगितलं. नागनाथराव बराच वेळ कागदाची घडी घालत राहिले. माणूस वाईट नव्हता, पण रेघ त्यांनाही आवडली होती.

“तुम्ही बोलला नसता तर कुणाला कळलं नसतं, गुरुजी. शिवाय आकडा आपल्याच बाजूचा होता.”

“म्हणूनच बोललो. त्यांच्या दीडशे वर्षांच्या धुराचा जबाब आपण मागायचा, आणि आपल्या गावच्या एका संध्याकाळच्या धुरावर मी कोरा रकाना ठेवायचा? कोणत्या तोंडानं मागायचा?”

“पण याचा अर्थ कळतो ना? जागा बदलली म्हणजे मालिकेचे दोन तुकडे झाले. सहा वर्षांचा एक, तेरांचा एक. इतक्या लहान तुकड्यांना कुणी विचारत नाही. तुमची एकोणीस वर्षं बाद.”

बाद. फळ्यावरची चुकीची बेरीज पुसावी तसा तो शब्द एकोणीस वर्षांवरून फिरला. गुरुजी उठले, अंगणापलीकडं गोदामाच्या भिंतीकडं गेले, पेटीपाशी थांबून परत आले.

“काही वाट असेल ना?”

“एक आहे. जुन्या जागी दुसरी पेटी उभी करायची. दोन्ही जागी एकाच वेळी पारा वाचायचा, पुरं वर्षभर. कोणती जागा किती जास्त तापते ते कळलं, की तेवढं वजा करून तुकडे जोडता येतात. पण अहवाल मार्चमध्ये छापायला जातोय. तुमचं गाव त्यात नसेल.”

“नसू दे. तापमापकांची जोडी तेवढी द्या.”

जुनी जागा अजून आबासाहेबांचीच होती. तेरा वर्षांत गुरुजींनी त्या बांधावर पाऊल टाकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेआधी ते गेले. आबासाहेब आता सत्तरीचे झालेले, लिंबाखाली खाटेवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते.

“राम राम, सितारामा. लय दिवसानं रस्ता सापडला.”

“नमस्कार, आबासाहेब. पेटी परत तुमच्या रानात उभी करायची आहे. एका वर्षासाठी.”

अडकित्ता थांबला. गुरुजींनी रेघ, पायरी, वजाबाकी, सगळं शाळेतल्यासारखं समजावलं. आबासाहेब निजामाच्या अमदानीत चार बुकं शिकलेले. त्यांना बरोबर समजलं, आणि त्यापुढचंही समजलं.

“मंजे तुझ्या बुकात लिव्हणार, खुराडं कामून हाललं ते.”

“लिहिणार.”

“म्या ते वाचवलं, हे बी लिव्हशील का? पोरं चेकाळली व्हती. तितंच राहू दिलं असतं तर त्यायनी ते बी फुकून टाकलं असतं.”

“घरं वाचवायला निरोप आला नाही, आबासाहेब. पेटीसाठी आला.”

मग म्हातारा अडकित्ता मिटत म्हणाला, “जागा पडीकच हाय. ठेव. पर ढोरं शिरली तर माझी जिम्मेदारी न्हाई.”

लिंबाजी सुताराकडून गुरुजींनी मापात माप घालून तशीच पेटी करवून घेतली, आणि मग खरी अडचण उभी राहिली. दोन्ही जागी साडेआठलाच पारा वाचायचा, आणि मध्ये पाव कोसाची वाट. एका माणसाला दोन ठिकाणी होता येत नाही.

“मी हाय की,” चांगुणाबाई म्हणाल्या.

“दशांश वाचावे लागतात. दोन रेघांच्या मधलं.”

“सोळा वर्सं रेशनच्या दुकानात काट्यावर डोळा ठिवते. तितं बी मधलंच वाचावं लागतंय. शिकवा.”

आठ दिवसांत त्या शिकल्या. श्वास पाऱ्यावर पडू द्यायचा नाही, डोळा टोकाच्या सरळ रेषेत ठेवायचा, आधी दशांश वाचायचा आणि मग पूर्णांक. मग गुरुजी म्हणाले, “तू घरची पेटी बघ. मी रानात जातो.”

“न्हाई. रानात मी जाणार.”

“अगं, तिथं गडीमाणसं—”

“अवो, त्या दिवशी पेटीचं मागलं टोक माझ्या डोक्यावर व्हतं. पुढं तुमी व्हता, तुमाला फक्त वाट दिसली. मला मागं वळून बघता आलं न्हाई. आता रोज तोंड तिकडं करून जाणार.”

एक नोव्हेंबरपासून ते सुरू झालं. हातात वही, पदराला पेन्सिल बांधलेली, चांगुणाबाई सव्वाआठला वस्तीतून निघत. पहिल्या महिन्यात बांधावरचे गडी खाकरत. “खुराड्यात अंडं सापडलं का, बाई?” असं एकानं विचारलं. “सापडलं,” त्या म्हणाल्या, “अठ्ठावीस पूर्णांक चार. उकडून खातो का?” त्यानंतर कुणी विचारलं नाही.

थंडीत दोन पेट्यांमध्ये फरक थोडाच राही. फाल्गुनानंतर पत्रा आणि दगडी भिंत दिवसभर ऊन पिऊन बसू लागली आणि वस्तीकडच्या पेटीतला पारा पुढं जाऊ लागला. चार दशांश, सात, मे महिन्यात एकदा एक अंश तीन. रोज संध्याकाळी दोन वह्या कंदिलाच्या काचेसारख्या पुसून-निरखून शेजारी ठेवल्या जात, आणि गुरुजी तिसऱ्या वहीत वजाबाकी मांडत. वैशाखात एकदा रानातल्या पेटीचं दार वावटळीनं निखळलं. चांगुणाबाई दुसऱ्या सकाळी बिजागरी आणि खिळे घेऊन गेल्या, तर दार आधीच सुतळीनं नीट बांधलेलं. कुणी बांधलं ते कुणी सांगितलं नाही. त्यांनी ते तसंच राहू दिलं आणि बिजागरी घरी आणून कोनाड्यात ठेवली.

जूनमध्ये रेडिओवर ब्राझीलच्या बातम्या आल्या. मोठ्या देशांनी करारावर सह्या केल्या, पण कुणी किती कमी जाळायचं आणि कधीपर्यंत, तो आकडा त्यात नव्हता. सगळ्यात श्रीमंत देशाला तो नकोच होता.

“मंजे रकाना कोरा ठिवला,” चांगुणाबाई म्हणाल्या.

पुण्या-दिल्लीच्या कागदांत करंजटाकळी नव्हतं. त्या सकाळी वस्तीत तेहेतीस पूर्णांक दोन होतं, रानात बत्तीस पूर्णांक सहा. ते त्यांनी लिहिलं.

ऑक्टोबर संपला. तीनशे सहासष्ट दिवसांची सरासरी निघाली : जागेमुळं पडलेला फरक सहा दशांश. नऊतून सहा गेले, उरले तीन. ते तीन दशांश पत्र्याचे नव्हते आणि भिंतीचे नव्हते. ते आभाळाचे होते. गुरुजींनी बेरीज तीनदा तपासली. नऊ दशांशांच्या दिमाखापुढं तीन म्हणजे काहीच नाहीत. पण ते कुणालाही खोडता येणार नव्हते.

नागनाथरावांचं पत्र आलं. दुरुस्ती मान्य, एकोणीस वर्षं ग्राह्य. मात्र जागाबदलाची तारीख व कारण मूळ नोंदवहीत लिहावं, जमल्यास जागामालकाची सही घ्यावी. खाली त्यांनी हातानं लिहिलं होतं : ‘कारण “प्रशासकीय” असं लिहिलं तरी चालेल.’

मजकूर एका कोऱ्या कागदावर लिहून गुरुजी लिंबाखाली गेले आणि त्यांनी तो वाचून दाखवला. आबासाहेबांनी तो दुसऱ्यांदा वाचायला लावला.

“‘मालकाच्या सांगण्यावरून’, एवढं काढ. दस्तखत करतो.”

“ते निघणार नाही. पण तुमचं म्हणणंही लिहिलंय बघा. ‘मालकाच्या मते पेटी वाचवण्यासाठी.’”

“नऊ घरं, त्याच्याच खाली माझं नाव. नातवंडं वाचतील.”

“माझीही वाचतील, आबासाहेब.”

म्हाताऱ्यानं कागद परत केला.

“दस्तखत न्हाई करणार. खुराडं राहू दे तितंच.” आणि गुरुजी वळले तेव्हा पाठीमागून, जरा कुरकुरत, “त्या दाराला नवी बिजागरी लाव मनावं बाईला, मास्तर. सुतळी किती दिवस पुरंल?”

घरी येऊन सिताराम गुरुजींनी ट्रंकेतून अठ्ठ्याहत्तरची नोंदवही काढली. कडा धुरानं तपकिरी झालेल्या. त्या संध्याकाळी ती शाळेच्या पिशवीत होती, म्हणून उरली. पाच ऑगस्टची ओळ : आकडे कसे ठसठशीत, जणू काही झालंच नाही. पुढचा रकाना कोरा.

जुन्या शाईचा रंग जुळवायचा मोह त्यांनी टाळला. मुद्दाम आजचंच निळं पेन घेतलं, म्हणजे हे तेव्हाच लिहिलं होतं असं कुणाला कधी वाटू नये. अक्षर बारीक करत त्यांनी लिहिलं :

‘४ ऑगस्ट रोजी सायंकाळी बौद्धवाड्यातील नऊ घरे जाळण्यात आली, पैकी एक निरीक्षकाचे. ५ ऑगस्टला मालकाच्या सांगण्यावरून पेटी हलवली. मालकाच्या मते पेटी वाचवण्यासाठी. नवी जागा सरासरी ०.६ अंशाने उष्ण. हे कारण त्या वेळी लिहिले नाही, ही निरीक्षकाची चूक. जागामालकाने सही नाकारली. नोंद दि. १४ नोव्हेंबर १९९२. सिताराम, निरीक्षक, वस्ती. चांगुणाबाई, निरीक्षक, रान.’

शेवटच्या नावापाशी त्यांनी पेन पुढं केलं. चांगुणाबाईंनी ओळ बोटानं पहिल्यापासून वाचली, ‘नऊ’पाशी बोट जरा थांबलं, आणि त्यांनी सही केली.

साडेपाचला पंधरा मिनिटं कमी होती. वर्ष संपलं होतं; वजाबाकी झाली होती; रानात जायचं आता काही कारण उरलं नव्हतं. चांगुणाबाईंनी कोनाड्यातून बिजागरी आणि चार खिळे घेतले, वही काखेत मारली आणि त्या बांधाच्या दिशेनं निघाल्या. गुरुजींनी वस्तीकडच्या पेटीचं दार उघडलं आणि घड्याळाकडं पाहत श्वास रोखला.