बेटर आणि बेहतर

उकंडराव मुलाकडे पुण्याला कायमचा राहायला निघाला आणि मला त्याचा रागच आला. वरवट बकालच्या शाळेत मी इंग्रजी शिकवलं, त्यानं इतिहास. तो मूळचा रोहिणखेडचा. तिथल्या एका मौलवींकडे उर्दू-फारसी शिकलेला.

शाळा सुटली की आम्ही चहाच्या टपरीवर बसून एकेका शब्दाचं कूळ काढायचो. इंग्रजी ‘न्यू’ आणि आमच्या घरी रोजच्या बुद्धवंदनेमुळे ओळखीच्या झालेल्या पालीतला ‘नव’ भाऊबंद निघाले, तेव्हा पोरांसारखे टाळ्या देत हसलो होतो. काय दिवस होते ते!

बिनसलं ते ‘बेटर’वरून. आमच्याकडे तब्येत विचारली तर म्हातारी माणसंही ‘बेहतर हाय’ म्हणतात. तेव्हा इंग्रजांनी तो शब्द फारसीतूनच उचलला, असं उकंडरावाचं ठाम मत. मी घसा फोडून सांगायचो, फारसी ‘बेह’ म्हणजे चांगला, पुढचा ‘तर’ आपल्या ‘उच्चतर’मधलाच. इंग्रजीचा धागा मात्र जुन्या इंग्रजीतल्या ‘बेतेरा’कडे आणि त्याच्याही मागे जर्मन घराण्याकडे जातो. चेहरे सारखे, नातं काही नाही. पण ऐकेल तर तो उकंडराव कसला!

“तुह्या डिक्शनरीले काय समजते बे?” म्हणायचा.

दोघंही निवृत्त झालो, तरी टपरी सुटली नाही आणि भांडणही. त्यानं एकदा तरी हार मानावी म्हणून मी जंग जंग पछाडलं.

आज सकाळी त्याचा मुलगा हर्षल गाडी घेऊन आला. सामान चढलं. उकंडरावानं काच खाली केली.

“दयाराम, तुह्यं खरं हाय. बेटर फारसीतून नाही आलं. मानलं मी.”

जे ऐकायला इतकी वर्षं आसुसलो होतो, ते आता नकोसं झालं. हा माणूस सगळी निरवानिरव करून चालला होता.

“काऊन मानलं बे?” मी ओरडलो. “इतक्यात हरतं काय माणूस? उद्या फोन कर. भांड माह्याशी!”

“फोनवर काय भांडण होते, दयाराम?” तो म्हणाला. “समोर माणूस पायजे.”

हे मात्र त्याचं खरं होतं. पण मी मानलं नाही. गाडी वळणाआड जाईपर्यंत ‘उद्या फोन कर’ म्हणून ओरडतच राहिलो.