अधिवेशनाला गेलेला बाक

मी एक बाक बोलतोय. सरकारी शाळेतल्या पहिलीच्या वर्गातला, खिडकीखालचा, मागचा डावा पाय किंचित आखूड असलेला. तुम्ही मला ओळखणार नाही. पण माझ्यासारख्या कुणावर तरी तुम्ही नक्की बसला असाल आणि बाईंची पाठ वळल्यावर कंपासच्या टोकानं काहीतरी कोरलंही असेल. त्याचा राग नाही. उलट ज्या बाकावर कुणी कधी काही कोरलंच नाही, त्याची मला कीव येते.

मला घडवणारा सुतार मोठा तिरसट होता. मालकानं सांगितलं, ‘पाय थोडे उंच ठेव, मग मोठ्या वर्गालाही चालेल.’ तो म्हणाला, ‘पहिलीच्या पोराचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत. लोंबकळत राहिले की त्याला घर आठवतं.’ मालकानं पुष्कळ डोकं फोडलं, पण सुतार हटला नाही. म्हणून मी बुटका राहिलो. त्याचा पुढं मला अभिमानच वाटत आला आहे.

शाळेत आलो आणि माणसांची पिल्लं पहिल्यांदा पाहिली. पहिल्या दिवशी माझी कड घट्ट धरून रडणारी, दुसऱ्या दिवशी डोळे पुसत इकडंतिकडं बघणारी आणि आठवड्याभरात माझ्यावर चढून नाचणारी. त्यांनी माझ्या पोटाला खालून काय काय चिकटवलंय ते सांगत नाही, तुम्ही कदाचित जेवायला बसला असाल. वर्षामागून वर्षं गेली. मला वाटायचं, आपलं सगळं पाहून झालं.

मग गप्पू आली.

गप्पू हे तिचं नाव नव्हे, मुलांनी ठेवलेलं. घरी तिची टकळी अखंड चालायची, असं तिची आई सांगे. पण शाळेचं फाटक ओलांडलं की तोंडाला कुलूप. हजेरीला बोट वर, पाणी हवं तर बोटानं खूण. बाईंनी रागावून पाहिलं नाही, लाडीगोडीही लावली नाही. रोज मुलांना विचारायच्या तसं तिलाही विचारायच्या, ‘आज येताना काय पाहिलंस?’ थोडं थांबायच्या आणि पुढच्याकडं वळायच्या. महिनेच्या महिने असं चाललं. मी तर आशा सोडून दिली होती.

एके दिवशी बाईंनी विचारलं आणि माझ्या फळीला बारीकशी थरथर जाणवली. गप्पू म्हणाली, ‘मी आज एक…’

आणि शाळा सुटल्याची बेल झाली.

पहिलीचा वर्ग आणि सुटीची बेल! तुम्हाला कल्पना आहेच. दप्तरं उचलली गेली, अर्धी पोरं उभी राहिली. बाईंनी नुसतं एक बोट वर केलं आणि हळूच म्हणाल्या, ‘तिचं वाक्य पुरं होऊ दे.’ तुम्हाला खोटं वाटेल, पण सगळी पोरं खाली बसली. बाहेर बेल थांबली, दुसरे वर्ग धावत गेले, फाटकाशी आयांचा गलका वाढला. आत कुणी हललं नाही. गप्पूनं दोनदा आवंढा गिळला आणि म्हणाली, ‘…एक कुत्रा पाहिला, त्याला तीनच पाय होते, पण तो पळत होता.’

मला तर आखूड पायाचा म्हणून आधीच त्या कुत्र्याविषयी आपुलकी वाटली. पण खरं सांगतो, मला नवल वाटलं ते त्या पोरांचं. भूक लागलेली, खेळायची घाई झालेली चिमुरडी माणसं, दुसऱ्याच्या एका वाक्यासाठी अशी गप्प बसून राहिली. असलं काही मी तोवर पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून आमच्या वर्गाचा तो नियमच झाला. बेल झाली तरी कुणाचं वाक्य अर्धं असेल तर उठायचं नाही. फाटकाशी उभ्या असलेल्या पालकांनी आधी कुरकुर केली. मग कारण कळलं, तेव्हा तेही थांबायला शिकले. ‘कुणाचं तरी वाक्य चाललंय वाटतं,’ असं म्हणत पिशव्या या हातातून त्या हातात घेत उभे राहायचे.

अशात बातमी आली. विधिमंडळाच्या अधिवेशनात एक विधेयक आलं होतं. त्यातल्या एका कलमाप्रमाणं, कमी मुलांच्या सरकारी शाळा बंद करायच्या आणि मुलं हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत धाडायची. आमची शाळा त्यात होती. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पण त्या सरकारी नोकर, त्यांना याबद्दल कुठं बोलायची मुभा नव्हती. मग पालकच आमच्या वर्गात जमले आणि आम्हा बुटक्या बाकांवर दाटीवाटीनं बसले. माझ्या वाट्याला बेकरीवाले काका आले. ते बसले तेव्हा माझ्या पोटात खरोखरच गोळा आला.

‘विधेयकावर लोकांचं म्हणणं ऐकायला समिती बसते,’ बस चालवणारे ड्रायव्हरकाका म्हणाले. ‘नाव दिलं की बोलायला मिळतं. कोण बोलणार?’

सगळ्यांच्या माना गप्पूच्या आईकडं वळल्या. ती लाँड्रीत इस्त्री करायची. तिला घामच फुटला.

‘अहो, मला नाही जमायचं. मी दिवसभर शर्टांशी बोलते. ते उलट प्रश्न विचारत नाहीत.’

‘ताई, सांगायचंय ते तुमच्याच लेकीचं,’ ड्रायव्हरकाका म्हणाले. ‘ते मी सांगितलं तर ऐकीव गोष्ट होईल.’

तिनं घाम पुसला. मग म्हणाली, ‘ती आत्ता कुठं बोलायला लागलीय. नव्या जागी पुन्हा मिटली तर मी काय करू?’ आणि तिनं नाव दिलं.

पहिल्या खेपेला मी गेलो नव्हतो. काय झालं ते, मंडळी तोंडं पाडून परत आली तेव्हा ऐकलं. झालं असं की, समितीच्या खोलीबाहेरच्या लांब व्हरांड्यात लोकांना बसायला काहीच नव्हतं. सगळे उभे. पाय भरून आले. तेवढ्यात इमारतभर एक मोठी बेल घणघणली. आणि या शहाण्यांनी काय करावं? पिशव्या उचलल्या आणि चालू लागले फाटकाकडं! इतक्या वर्षांची सवय. बेल झाली की पालकाचे पाय फाटकाकडं जातात. खाली पायऱ्यांवर पोचल्यावर त्यांना आठवलं की इथं न्यायला मूल नाही. धावत वर येईपर्यंत नाव पुकारून झालं होतं.

‘ती बेल आमदारांची,’ दारावरच्या शिपायानं सांगितलं. ‘सभागृहात मतदान असलं की त्यांना बोलवायला वाजते. तुम्ही कशाला निघालात?’

काय सांगणार! समितीची एकच बैठक उरली होती. गप्पूच्या आईनं पुन्हा नाव दिलं.

‘पायांनी घोळ घातला,’ बेकरीवाले काका म्हणाले.

‘उभं राहिलं की पाय चालतातच,’ ड्रायव्हरकाका म्हणाले. ‘या वेळी बसायला काहीतरी नेऊ.’ आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

असा मी अधिवेशनाला गेलो.

ती इमारत! छत इतकं उंच की त्याखाली आमची शाळा घंटेसकट मावली असती. खांब असे की बेकरीवाल्या काकांसारख्या तिघांच्या मिळूनही कवेत आले नसते. दारावर शिपाई आडवा आला.

‘हे काय आणि?’

‘बसायला आणलंय,’ ड्रायव्हरकाका म्हणाले.

‘आत खुर्च्या आहेत की.’

‘त्या आतल्यांना. आम्ही नेहमी बाहेरच असतो.’

शिपायानं मला वरून खालून पाहिलं. मग मागचा आखूड पाय पाहिला, खिशातला कागद घडी करून त्याखाली सारला आणि म्हणाला, ‘आता डुगडुगणार नाही.’ आयुष्यात पहिल्यांदा मी सरळ उभा राहिलो, तेही विधानभवनात. आतल्या खुर्च्या खरंच भरलेल्या होत्या, म्हणून त्यानंच मला खोलीत मागच्या भिंतीशी लावून दिलं.

समोर अर्धगोल टेबल होतं. त्याचं लाकूड माझ्याच जातीचं, पण पॉलिशचा असा तोरा की ओळख दाखवेना. टेबलामागं समितीचे आमदार, मधोमध अध्यक्ष. माझ्यावर बेकरीवाले काका, ड्रायव्हरकाका आणि कडेला गप्पूची आई. सगळ्यांचे गुडघे हनुवटीपाशी. ती थरथरत होती. अगदी तशीच बारीक थरथर, जशी त्या दिवशी तिच्या लेकीची. मी तेव्हाच ओळखलं की ही बोलणार.

नाव पुकारलं. ती उठली, माईकपाशी गेली. दोन्ही हातांनी समोरचा कागद सपाट केला, पुन्हा सपाट केला, जणू त्याला सुरकुती पडली होती. मग कागद बाजूला ठेवून दिला.

‘साहेब, माझी मुलगी पहिलीत आहे. ती शाळेत बोलत नव्हती. एक अक्षर नाही. मला वाटायचं, माझंच काही चुकलं. मग ती बोलायला लागली, आणि ती बोलायला लागली त्याचं कारण…’

बेल घणघणली.

आमदार लगबगीनं उठले. फायली मिटल्या, खुर्च्या मागं सरकल्या, एकजण दारापर्यंत पोचलाही. अध्यक्ष उठता उठता म्हणाले, ‘बाकीचं लेखी द्या, ताई. मतदान आहे.’ समिती एकदा उठली की परत बसणार नव्हती, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

आता मी सांगतो ते फक्त मलाच ठाऊक आहे, कारण ते माझ्या फळीवर घडलं. बेल झाली तशी माझ्यावरचं ओझं हलकं झालं. टाचा दाबल्या गेल्या, मांड्या उचलल्या गेल्या. सवयीचे पाय निघाले होते. आणि मग ते ओझं पुन्हा खाली आलं. सावकाश, पूर्ण, बसलं ते बसलंच. इतर खुर्च्यांवरचे लोक पांगले. आमचे तसेच बसून राहिले, हात मांडीवर, डोळे माईककडं. अगदी पहिलीचा वर्ग! मी नुसता थक्क होऊन गेलो.

अध्यक्षांनी ते पाहिलं. ‘तुम्ही कशासाठी थांबलात?’

बेकरीवाल्या काकांना उठता येईना, म्हणून ते बसल्या बसल्याच म्हणाले, ‘तिचं वाक्य राहिलंय, साहेब. आमच्या शाळेत वाक्य पुरं झाल्याशिवाय कुणी उठत नाही.’

बेल घणघणतच होती. अध्यक्षांनी दाराकडं पाहिलं, त्या माउलीकडं पाहिलं, आणि ते खाली बसले. मग एकेक करून दुसरेही बसले. दारापर्यंत गेलेला परत आला. एवढी मोठी माणसं, एवढ्या मोठ्या इमारतीत, एका इस्त्री करणाऱ्या बाईच्या अर्ध्या वाक्यासाठी थांबली. माझ्या लाकडावर काटा आला.

तिनं दोनदा आवंढा गिळला.

‘…त्याचं कारण, तिनं तोंड उघडलं तेव्हा अशीच बेल झाली होती, आणि अख्खा वर्ग तिच्यासाठी खाली बसला. त्या मोठ्या शाळेत बसतील का, मला माहीत नाही. या शाळेत बसतात, एवढं माहीत आहे.’ तिनं कागद उचलला. ‘झालं माझं वाक्य. तुम्ही जा आता, उशीर होईल.’

अध्यक्षांनी मान लववली आणि ते जवळजवळ पळतच गेले.

ते कलम रद्द झालं नाही. पुढच्या अधिवेशनापर्यंत बाजूला ठेवलं गेलं, एवढंच. तोवर शाळा चालू. बेकरीवाले काका हिरमुसले. ‘म्हणजे पुन्हा यायचं?’

‘यायचं,’ गप्पूची आई म्हणाली. आता तिचा आवाज मुळीच कापत नव्हता. ‘बाक इथंच राहू दे. आपल्याला लागेल, आणि आपण नसताना दुसऱ्या कुणाला लागेल.’

तेव्हापासून मी या व्हरांड्यात आहे. रात्रपाळी करून आलेल्या नर्स माझ्यावर डुलक्या काढतात, पेन्शन अडकलेले आजोबा उसासे टाकतात, दुसऱ्या गावच्या शाळांचे पालक तोंडातल्या तोंडात भाषण घोकतात. मुलांची आठवण येते. आली की फार येते. इथं माझ्यावर कुणी नाचत नाही.

परवा नवं अधिवेशन सुरू झालं आणि पालक पुन्हा आले. या वेळी गप्पूही होती. ती धावत येऊन माझ्यावर बसली आणि शिपायाला म्हणाली, ‘हा आमचा बाक आहे. तुम्हाला माहितीये, याच्या खाली काय काय चिकटवलंय?’ आणि तिनं सगळं सांगायला घेतलं. सांगता सांगता तो तीन पायांचा कुत्राही आला. मध्येच बेल वाजली. शिपायाला सभागृहाकडं जायचं होतं, त्यानं टोपी घातली, एक पाऊल टाकलं आणि तिथंच उभा राहिला.

‘हं, मग कुत्र्याचं काय झालं?’ तो म्हणाला.

शाळेचं काय होईल, मला ठाऊक नाही. मी लाकूड आहे, मला मत नाही. तुम्हाला आहे. तुमच्या मुलांच्या शाळेसाठी कधी इथं यावं लागलं तर मी समितीच्या दाराशेजारी भिंतीला टेकून उभा आहे. गुडघे जरा वर येतील, तेवढं सांभाळून घ्या. खुशाल बसा, आणि बेल वाजली तरी उठू नका.