आठ ठेवा, तेवीस द्या

तुम्ही माझ्या दारात एकदाही वाकून पाहिले नाहीत. टेबलाशी बसलात, शिक्का उचललात आणि ठरवून मोकळे झालात की पेर्सिदाआजीच्या घरी कोंबड्या आठ. उरलेल्या तेवीस तुमच्या वहीत नव्हत्या, म्हणून त्या जगातही नकोत. कागदावर सही होती, पण अशी फराटेदार की नाव कुणालाच लागले नाही. नाव लागले असते तर नावाने हाक मारली असती. नाही लागले, म्हणून नुसते 'तुम्ही'. माझे म्हणणे शेवटपर्यंत ऐका. मध्येच उठू नका.

आणि ऐकायला बसलेल्या बालमित्रांनो, मी एक जुना खुराडा आहे. बनात नावाच्या प्रांतातल्या काळ्या, सपाट मातीत, तिसा नदीपासून अर्ध्या तासाच्या चालीवर, पेर्सिदाआजीच्या परसात मी चौतीस वर्षे उभा आहे. त्याआधी मी घोडागाडी होतो. बीट वाहिले, मका वाहिला, एकदा तर आख्खे वऱ्हाड वाहिले. मग ट्रॅक्टर आला, घोडा गेला आणि मी गोठ्यामागे उलटा पडून राहिलो. पेर्सिदा तेव्हा आजी झालेली नव्हती. एका वसंतात ती करवत घेऊन माझ्याकडे आली. तिचा नवरा ओरडला, "अगं, चांगली गाडी आहे ती!"

"मग ओढ तू," ती म्हणाली. "घोडा तर गेला."

 शेवटी खिळे त्यानेच आणून दिले.

तिने माझी चाके काढली, तुतीच्या चार खुंटांवर मला बसवले, वर कौले घातली, आत तुतीच्याच गोल दांड्या आडव्या ठोकल्या. दाराचे माप तेवढे चुकले. ते इतके बुटके झाले की अंडी काढायला तिला रोज कमरेत वाकावे लागते. "उद्या मोठं करते," असे ती चौतीस वर्षे म्हणते आहे. पण दर शरदात ती माझ्या भिंतींना चुना लावते, फटींत राख कोंबते म्हणजे उवा होत नाहीत, आणि जुना पेंढा काढून नवा घालते. गाडी असताना मला कुणी एवढे पुसले नव्हते. मी तिचा ऋणी आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी बरेच वाकडे बोलणार आहे.

माझ्यात राहिल्या त्या आमच्याकडच्या जुन्या जातीच्या, उघड्या मानेच्या कोंबड्या. यांच्या मानेवर एकही पीस नसते. लाल, सुरकुतलेली, उघडी मान आणि डोक्यावर पिसांची लहानशी टोपी. एकदा शेजाऱ्यांची शहरातली सून आली आणि किंचाळली, "अगंबाई, ही अर्धी सोलून तशीच सोडलीय की काय?"

"तू भर उन्हाळ्यात गळ्यात लोकरीचा पट्टा घालतेस का?" आजीने विचारले. "नाही ना? मग तिला कशाला हवा?"

दिसायला गिधाड, पण गुणाच्या. उन्हाने धापा टाकत नाहीत, थंडीत अंडी बंद करत नाहीत, दिवसभर स्वतःचे पोट स्वतः भरतात. आजीच्या आजेसासूपासून हेच रक्त या परसात चालत आले आहे. बाहेरून फक्त कोंबडा आणायचा, तोही ओळखीच्या घरचा.

पिल्ले काढण्याची आजीची एक रीत होती. कोंबडी खुडूक झाली की ती शेजारच्या झिवानकडे जाऊन त्याची टोपी मागायची. झिवान सत्तरीचा, डोक्यावर एक केस नाही. त्या टोपीत पंधरा अंडी ठेवून ती माझ्याकडे यायची आणि टोपीतूनच ती कोंबडीखाली सरकवायची. टोपीतून अंडी ठेवणे आमच्याकडे घरोघरी चालते. पण टकल्या माणसाचीच टोपी हवी, हा आजीचा शोध. म्हणजे पिल्लेही मानेला उघडी निघतात.

"माझ्या टकलाचा काही मान ठेवशील की नाही, पेर्सिदा?" झिवान म्हणायचा.

"तुझ्या टकलाचा आजवर एवढाच उपयोग झालाय. ठेव गुपचूप."

आता मारण्याचे सांगतो. लहान आहात म्हणून लपवणार नाही. दर शरदात, मक्याची कणसे कोठारात गेली की आजी सांजेला माझ्यात वाकून यायची आणि एकेक कोंबडी दांडीवरून उचलून मांडीवर घ्यायची. शेपटीखाली दोन हाडे असतात. त्यांच्यात दोन बोटे मावली तर कोंबडी अंडी घालते आहे. एकच मावले तर तिचे थांबले. थांबलेलीला ती वेगळ्या टोपलीत ठेवायची. दुसऱ्या सकाळी तिला काखेत धरून, उघड्या मानेवरून हात फिरवत ती म्हणायची, "झालं तुझं काम, बाई. घरच्यांना पोसलंस. देव तुझं भलं करो." मग एकच घाव. दुपारी शेवया घातलेले सूप, आणि पहिली वाटी झिवानकडे. एकही पीस वाया जायचे नाही. मी हे चौतीस शरद पाहिले आणि मला त्यात कधी पाप दिसले नाही. जो उबवतो, चारतो, कोल्ह्यापासून राखतो, त्याच्याच हाताने शेवट व्हावा, आणि त्या हाताने आभार मानावेत.

या नियमातून एकच कोंबडी सुटली होती. काळी, ठुसकी, आमच्या गावच्या पाद्र्याच्या बायकोसारखी छाती काढून चालणारी. तिचे नावच पाद्रीणबाई. नऊ वर्षांची होती. तीन वर्षे तिच्यात एकच बोट मावत होते. दर शरदात आजी तिला मांडीवर घ्यायची, बोट लावायची आणि म्हणायची, "दोन आहेत, दोन." धादांत खोटे. पण पाद्रीणबाईने सात वसंत पिल्ले काढली होती. ससाणा आला तेव्हा ती अंगावर धावून गेली होती. माझ्यातल्या निम्म्या कोंबड्या तिच्या पंखाखाली वाढलेल्या. तिचा आभारी मीही होतो. तिच्या कोपऱ्यातला पेंढा नेहमी उबदार असायचा.

मागच्या वसंतात कचेरीतून ल्युबिंका नावाची बाई आली. हातात वही. भर दुपारची वेळ. "आजी, कोंबड्या किती?"

आजी म्हणाली, "आहेत थोड्या."

इथेच सगळे बिघडले, मित्रांनो. आमच्या गावात जित्या कोंबड्यांचा आकडा कुणी तोंडाने सांगत नाही. आकडा बोलला की ससाणा ऐकतो, असे मानतात. हवे तर हसा, पण विचारून बघा, पाद्रीसुद्धा "आहेत थोड्या" एवढेच म्हणेल.

"थोड्या म्हणजे?"

"म्हणजे पुष्कळ नाहीत."

ल्युबिंकाबाईने अंगणात पाहिले. उन्हाची वेळ, निम्म्याहून अधिक कोंबड्या कुंपणापलीकडे मक्याच्या वावरात. समोर दिसल्या आठ. तिने आठ लिहिल्या. आजीने सही केली. चष्मा घरात होता आणि आत जायचा कंटाळा.

आजी चुकली. हो, चुकली. पण ज्याला कोंबड्या मोजायच्या आहेत त्याने सांजेला यावे. सांजेला सगळ्या दांडीवर बसतात, ओळीने, हलत नाहीत. हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असते. सहीचे धनी, तुम्हाला नव्हते.

मग हिवाळा सरता सरता कुठल्याशा मोठ्या कारखान्यात, जिथे हजारो कोंबड्या एका छपराखाली कोंबलेल्या असतात, साथ शिरली. साथ खोटी होती असे मी म्हणत नाही. साथ खरी होती आणि वाईट होती. पण आमच्या गावात एकही पक्षी आजारी नव्हता. तुमचा कागद आला: वहीत असलेल्या कोंबड्या कोंडून ठेवा, वहीबाहेरच्या सगळ्या सोपवा. उद्या दहा वाजता गाडी येईल.

झिवान धावत आला. "माझ्या माळ्यावर नेऊ पंधरा-वीस. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"आणि कोंबडा आरवला तर?"

"तोंडाला फडकं बांधू."

"आधी तुझ्या तोंडाला बांध," आजी म्हणाली. मग पायरीवर बसली. "नको रे. खरंच रोग असला नि माझ्यामुळे गावभर पसरला, तर मी कुठल्या तोंडानं बाजारात जाऊ? आठ म्हणाले ना? आठ तर आठ. पण कुठल्या आठ, ते मी ठरवणार."

त्या सांजेला ती माझ्यात शिरली. शरदातली निवड होऊन गेली होती. म्हणजे दांडीवरच्या एकतीसच्या एकतीस राखण्याजोग्या होत्या. आता त्यातून आठ. तिला लाडक्या निवडायच्या नव्हत्या, तिला रक्त राखायचे होते. कोंबडे दोन घेतले, एकमेकांच्या नात्यातले नसलेले. मग कोंबड्या सहा. तिने प्रत्येकीची मान चाचपली, पंख उघडून पाहिले, दोन हाडांत बोटे घातली. "तू ये. तू नाही, तुझी बहीण घेतलीय. तू ये. तू... थांब, तुझी आई कोण गं?" कधी घेतलेली परत ठेवली, कधी परत ठेवलेली पुन्हा घेतली. सात झाल्या.

मग ती पाद्रीणबाईपाशी आली. मांडीवर घेतले. बोट लावले. या वेळी ती खोटे बोलली नाही.

"एकच," ती म्हणाली. बराच वेळ तिच्या डोक्यावरची पिसांची टोपी कुरवाळत बसली. मग तिला परत कोपऱ्यात ठेवले आणि आठवी म्हणून एक वर्षाची तपकिरी पोरटी उचलली.

सकाळी पांढऱ्या कपड्यांतले तिघे आले. लोखंडी पेटी आणली होती, तिच्यात वायू सोडतात. त्यांच्यातला वयस्क माणूस चांगला होता, हेही सांगितले पाहिजे. आजी त्याला म्हणाली, "बाकीच्या घे. ही एक माझ्या हातानं जाईल."

"आजी, तसा नियम नाही."

"नियमानं हिला चारलं नव्हतं. मी चारलं होतं."

 तो सोबतच्यांना म्हणाला, "गाडीत एक कागद राहिलाय. चला, तिघांनी मिळून शोधू."

ते पाठमोरे झाले. आजीने पाद्रीणबाईला काखेत धरले, उघड्या मानेवरून हात फिरवला. "झालं तुझं काम, बाई. तू तर कामापेक्षा जास्त केलंस." एकच घाव.  

उरलेल्या बावीस पेटीत गेल्या. पाद्रीणबाईलाही ते पिशवीत घालून घेऊन गेले. सूप नाही, पीस नाही, पहिली वाटी नाही. आजीला सगळ्यात जास्त तेच लागले. "मारलं ते मारलं," ती झिवानला म्हणाली, "पण टाकून दिलं रे. कचऱ्यासारखं टाकून दिलं."

त्या सांजेला माझ्या दांडीवर आठ जण बसले. चौतीस वर्षांत मी एवढा रिकामा कधी नव्हतो. पण ती तपकिरी पोरटी सरकत सरकत कोपऱ्यातल्या रिकाम्या जागी गेली आणि तिथे बसली. मी त्या आठांचेही आभार मानतो.

पंधरा दिवसांनी तुमचे दुसरे पाकीट आले. नेलेल्या पक्ष्यांची तपासणी झाली, रोग आढळला नाही, सहकार्याबद्दल धन्यवाद. झिवानने मोठ्याने वाचून दाखवले. आजीने कागद घेतला, चष्मा लावून स्वतः वाचला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला.

वसंतात तपकिरी पोरटी खुडूक झाली. झिवान या वेळी न मागता टोपी घेऊन आला. पंधरा अंड्यांतून तेरा पिल्ले निघाली, तेराही मानेला उघडी.

"बघ माझं टक्कल!" झिवान म्हणाला.

"बघतेय. दुसरं बघण्यासारखं आहे काय तुझ्यात?" आजी म्हणाली आणि किती दिवसांनी हसली.

ल्युबिंकाबाई पुन्हा आली, या खेपेला सांजेला. कुणी पाठवले नव्हते. फाटकातच उभी राहून म्हणाली, "आजी, त्या दिवशी मी नीट मोजायला हवं होतं."

"आणि मी चष्मा आणायला हवा होता," आजी म्हणाली. "ये. मोज. पण मनात मोज." आणि कानांत बोटे घालून पाठ फिरवून उभी राहिली. ल्युबिंकाबाई माझ्या बुटक्या दारातून वाकून आत आली. तिच्या चांगल्या कोटाला चुना लागला. तिने ओठ न हलवता मोजले, लिहिले, आणि जाताना दार नीट लावले. तिचेही आभार.

मित्रांनो, तुमच्या घरी कोंबड्या असोत, बकरी असो, नाहीतर नुसते एक मांजर असो, सांजेला एकदा आत डोकावून पाहा. पेंढा ओला आहे का, पाणी आहे का, कोण आले, कोण राहिले. ज्याचे खाता त्याला चारा, आणि मारण्याची वेळ आली तर त्याच्या डोळ्यांकडे पाहून आभार माना. मला चौतीस वर्षे असे माणूस मिळाले. सगळ्या खुराड्यांना मिळत नाही.

आणि आता तुम्ही, फराटेदार सहीचे धनी. आजीने तुम्हाला पत्र लिहिले त्याला चार महिने झाले. एकच प्रश्न होता त्यात. तुम्ही उत्तर दिले नाहीत म्हणून मी तोच पुन्हा विचारतो. रोग नाही हे कळायला पंधरा दिवस लागतात, हे तुम्हाला आधीच ठाऊक होते. त्या तेवीसजणी माझ्यात पंधरा दिवस कोंडून राहिल्या असत्या. माझ्या भिंतीला फट नाही, माझ्या दाराला कडी आहे. मग आधी तपासून मग मारायचे, की आधी मारून मग तपासायचे, हे तुमच्याकडे कुणी ठरवले? त्याचे नाव काय?

वाचता येईल अशा अक्षरात लिहून पाठवा.