मागचे दोन पाय

कारखान्यात सगळे तिला ‘तराजू’ म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नसे. तिथे बनत होती विमानातून हवाई छत्रीने उतरवायची आणि उतरल्यावर रणगाड्यासारखी स्वतःच्या पट्ट्यांवर धावायची तोफ. तोफेच्या बोल्टाबोल्टाचं वजन धरायचं काम हिचं. जमीन जवळ आली की खालच्या चौकटीतले रॉकेट पेटून पडण्याचा वेग कमी करत, आणि ते किती जोराचे हवेत हे हिच्या आकड्यावरून ठरे.

आजच्या चाचणीत पहिल्यांदाच आत माणसं होती. चालकाच्या जागी तिचा धाकटा भाऊ.

“ताई, तुझ्या भरवशावर उडी मारतोय,” निघताना तो म्हणाला होता.

“नाश्ता किती केलास?”

“का, तोही वजनात धरायचाय?”

विमान उडालं. ती शेडमध्ये रिकामा कप ठेवायला आली, तर कोपऱ्यात दोन लाकडी ठोकळे मोकळे पडलेले.

“काका, इथे काय होतं?”

“मागचे पाय,” फिटरकाका म्हणाले. गोळा सुटताना तोफ मागे सरकू नये म्हणून जमिनीत रुतणारी ती पोलादी फाळं. “वजनकाट्यावर चढवताना घासतात, म्हणून त्या दिवशी काढले होते. काल बसवले.”

“म्हणजे वजनात आलेच नाहीत?”

“तुम्ही वेगळे धरता ना?”

तोफवाल्यांना वाटलं, पाय गाडीचे. गाडीवाल्यांना वाटलं, तोफेचे. दोन्ही विभागांचे वजनाचे कागद हिच्याकडे आले होते आणि हिने बेरीज बरोबर केली होती. दोनशे दहा किलो कुठेच नव्हते.

ती चाचणीच्या मैदानाकडे, साहेबांकडे धावत सुटली.

“सर, थांबवा. वजन चुकलंय.”

साहेबांनी तिचं ऐकून घेतलं, रेडिओवर दोन वाक्यं बोलले आणि तो खाली ठेवला. “तोफेला विमानातून ओढणारी छत्री बाहेर पडलीय. आता हातात काही नाही.”

वर पाच पांढऱ्या छत्र्या फुलल्या. तिचं डोकं आपोआप आकडे मांडत राहिलं, थांब म्हटलं तरी थांबेना. ज्वाळा, धूळ, मग पायाखाली जाणवलेला दणका. झाकण बराच वेळ उघडलं नाही.

उघडलं तेव्हा भाऊ बाहेर आला, मागोमाग बाकीचे. ओठ दातांखाली फाटलेला, तरी हसत होता. “ताई, जरा हळू ठेवायचंस की.”

ती जवळ गेली आणि तिचा पाय घोट्यापर्यंत रुतला. माणसांसह पहिलीच चाचणी म्हणून मैदान नांगरून भुसभुशीत केलं होतं. चौकट वीतभर मातीत गेली होती.

“बघ, जास्त वजनातही पास झाली,” साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटल्याचा भाव होता.

“सर, मातीने वाचवलं. पुढच्या आठवड्यात खडकाळ माळावर उतरायचंय. आठ तोफा.”

“रॉकेट जुन्याच आकड्यावर भरून सील झालेत. तू लिहून दे, मी वर पाठवतो.”

तिने तिथेच लिहून दिलं. साहेबांनी कागद वाचला, नीट घडी घातली आणि ‘चाचणी यशस्वी’ असं लिहिलेल्या अहवालाखाली टाचून ठेवला. तारीख बदलणार नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

भाऊ ओठावर रुमाल दाबून शेजारी येऊन बसला.

“मग काय, पुढच्या वेळी नाश्ता कमी करू?”

तिने त्याच्याकडे पाहिलं.

“कर,” ती म्हणाली.