मागच्या खोलीतली डॉक्टरीण

सकाळी साडेसातला खाली औषधांच्या दुकानाचं शटर वर गेलं, की वरच्या घरातल्या मागच्या खोलीची खिडकी बंद व्हायची. हा दोन वर्षांचा नियम होता. मग दुकान बंद होईपर्यंत त्या खोलीत चालायचं ते अनवाणी, बोलायचं ते कुजबुजत, आणि खोकला आलाच तर उशीत तोंड खुपसून खोकायचं. नळ सोडायचा तो आईने, कारण आई घरात आहे हे जगाला माहीत होतं. मुलगी घरात आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. जगाच्या लेखी औषधवाल्यांची एकुलती एक मुलगी चिमी दूरच्या एका शहरात डॉक्टरकी शिकत होती.

हे खोटं कुणी दुष्टपणे रचलेलं नव्हतं, एवढं आधीच सांगितलं पाहिजे. उतावळेपणाने झालेली चूक होती ती. पण चूक कबूल करायची हिंमत नसली की साधी माणसं कुठवर जातात, हे ज्याला बघायचं असेल त्याने या घरात बघावं.

प्रवेश परीक्षेचे गुण हातात आले त्या दिवशी बापाने गेल्या वर्षी प्रवेश मिळालेल्यांची यादी काढली. शेवटच्या मुलापेक्षा चिमीला चार गुण जास्त होते. झालं, एवढ्यावर त्याने मिठाईचे पुडे आणले आणि सगळ्या गल्लीचं तोंड गोड केलं. पहिला पुडा गेला कोपऱ्यावरच्या मोठ्या डॉक्टरांकडे. वीस वर्षं त्यांच्याच चिठ्ठ्यांवर हे दुकान चाललं होतं आणि वीस वर्षं ते याला 'ए दुकानवाले' अशीच हाक मारत होते. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा याला बसा म्हटलं. पंधरा दिवसांनी या वर्षीची यादी लागली. आकडा वर चढला होता. चिमी सहा गुणांनी बाहेर राहिली.

आई म्हणाली, सांगून टाका, चारचौघांत दोन दिवस हसू होईल आणि विसरतील. बाप म्हणाला, थुंकलेलं गिळू का मी? त्यातच चिमीला औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजचं पत्र आलं. तिला जायचं होतं. लहानपणापासून दुकानातल्या खोक्यांवरची नावं वाचत ती मोठी झालेली. कुठलं औषध कुठल्या फळीवर, हे तिला डोळे मिटून सांगता येई. बापाने ते पत्र फाडलं. औषधवाल्याची मुलगी औषधवालीच का, असं त्याने विचारलं. ज्या धंद्यावर या माणसाने घर बांधलं, ज्यावर पोटभर जेवला, त्याच धंद्याची त्याला एवढी शिसारी होती. लाज मुलीची नव्हतीच मुळात, स्वतःची होती. तोंड मात्र लपवायला लावलं तिला.

ठरलं असं, की वर्षभर घरात बसून पुन्हा अभ्यास करायचा. पास झाली की कॉलेज बदललं म्हणून सांगू, कोण विचारतंय. दुसऱ्या खेपेला ती एकतीस गुणांनी हुकली. बंद खिडकीमागे वर्षभर कोंबून ठेवलेल्या डोक्याकडून आणखी कसली अपेक्षा होती, देव जाणे. आता तिसऱ्या परीक्षेचा अर्ज भरायचा होता आणि उद्या संध्याकाळी सहाला मुदत संपत होती.

आणि आज चिमी सुट्टीवर घरी यायची होती.

हा एक वेगळाच तमाशा होता. सहा-आठ महिन्यांनी एकदा, उजाडण्याआधी बाप तिला मागच्या जिन्याने बाहेर काढी. तिथून बसस्टँडवर. दिवसभर ती बाकावर बॅग घेऊन बसायची आणि चार वाजता, गल्ली जागी झाली की, बाप तिला रिक्षातून वाजतगाजत घरी आणायचा. आज वाटेत तिने त्याला सांगितलं की या वर्षी मी अर्ज भरणार नाही, मला आता हे होत नाही. ती रडत नव्हती, भांडतही नव्हती. रिक्षा वळली तेव्हा बाप दात न उघडता म्हणाला,

"गल्ली आली. हस."

ती हसली. दारोदारी हात हलले, डॉक्टरीणबाई आल्या, डॉक्टरीणबाई आल्या, असं झालं. तासाभरात घर भरलं. ही गल्ली तरी काय साधी? कुणाची मुलगी काय करते, किती गुण, कुठे नंबर लागला, ही चौकशी इथे माणसं जेवणाआधी करतात. घड्याळवाल्याने डोळ्यांतून पाणी येतं म्हणून डोळे दाखवले. कुणी पाय दाखवला, कुणी रक्ताचा रिपोर्ट. चिमी प्रत्येकाला म्हणत होती की डॉक्टरांकडे जा. मागच्या खेपेला ती असं म्हणाली नव्हती. मागच्या खेपेला तिने मान हलवत, भुवई चढवत चार औषधांची नावं सांगितली होती आणि लोक माना डोलवत गेले होते. खोटं तिच्यावर लादलेलं होतं, कबूल. पण त्या एका दिवशी तिला ते गोड लागलं होतं, आणि हे झाकून तिची गोष्ट सांगण्यात अर्थ नाही.

सगळे गेले. शेजारच्या शिवणवाल्या मावशी तेवढ्या राहिल्या. पंचावन्नच्या पुढच्या, एकट्या बाई. त्यांचं घर आणि मागची खोली यांच्यात एक भिंत. त्यांच्या शिलाईयंत्राचा आवाज चिमी रोज ऐकायची. दुपारी ते कधी थांबतं, मावशी कधी पडतात, कधी उठतात, हे सगळं तिला पाठ झालेलं. मावशींनी आईला चहा टाकायला पाठवलं, चिमीला आत घेतलं आणि दाराला कडी घातली.

"छातीत गाठ आहे," त्या म्हणाल्या. "तू मागच्या वेळी गेलीस ना, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात हाताला लागली. म्हटलं, परक्या पुरुषासमोर कशाला उघडं व्हायचं? आपली पोरगी डॉक्टर होतेय. येईल सुट्टीला, तिलाच दाखवू."

चिमीने मनात महिने मोजले. आठ.

मावशींनी तिचा हात धरून गाठीवर ठेवला. चिमीने पेशींची नावं पाठ केली होती, ग्रंथींची केली होती, हजारो प्रश्नांपुढे गोल काळे केले होते. माणसाच्या अंगाला हात लावून काय ओळखायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण बोटांखाली काहीतरी टणक होतं, हलत नव्हतं. दाराबाहेर बाप येऊन उभा होता. त्याने ऐकलं असावं, कारण बाहेरूनच त्याचा आवाज आला, मोकळा, हसरा, गिऱ्हाइकाशी बोलतो तसा.

"चिमी, काही नसतं म्हणावं तसलं. वयाप्रमाणे होतं. मी देतो गोळ्या."

बावीस वर्षं औषधं विकणारा माणूस होता तो. आपण काय बोलतोय हे त्याला चांगलं कळत होतं. तरी तो बोलला. एका बाईचा जीव एका बाजूला आणि गल्लीतली पत दुसऱ्या बाजूला, आणि त्याने क्षणभरही विचार केला नाही. याच्यापुढे मुलीला कोंडणं काहीच नव्हतं.

चिमीने हात काढून घेतला.

"मावशी, मी डॉक्टर नाही," ती म्हणाली. "कॉलेजात पाऊलसुद्धा टाकलेलं नाही मी. दोनदा हुकले. दोन वर्षं याच घरात आहे, तुमच्या भिंतीपलीकडे."

बाहेर बाप दार ढकलू लागला. मावशींनी आधी आपले कपडे सारखे केले. सावकाश, एकेक बटण.

"म्हणजे मी वाट बघत होते, तेव्हा तू इथे होतीस?"

"हो."

"रोज?"

"रोज."

मावशी रडल्या नाहीत. जवळही घेतलं नाही. आता बाई हिला पोटाशी धरेल, असं वाचणाऱ्याला वाटत असेल, तर तसं झालं नाही. त्या उठल्या आणि कडी काढायच्या आधी म्हणाल्या, "मला तुझं तोंड बघवत नाही आत्ता. पण उद्या मी दवाखान्यात एकटी जाणार नाही. तू येशील माझ्याबरोबर." बापाच्या अंगावरून त्या अशा गेल्या की तो तिथे नव्हताच.

मग घरात जे व्हायचं ते झालं. बापाने नाक कापलंस म्हटलं, उद्या गल्ल्यावर कुठल्या तोंडाने बसू म्हटलं, तुझ्यावर एवढा खर्च केला त्याचे हे पांग फेडलेस म्हटलं. त्यातही आवाज दबलेलाच, खाली ऐकू जाईल म्हणून. आई चहाचे कप हातात घेऊन दारात उभी होती. दोन वर्षं ती मूग गिळून बसलेली, नळ सोडत आणि खिडक्या लावत. तिने एकच विचारलं.

"गाठ केवढी आहे?"

बापाला हे विचारायचं सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात चिमी मावशींच्या शेजारी चार तास बाकावर बसली. मावशींनी आपली पिशवी दोघींच्या मध्ये ठेवली होती. आतल्या डॉक्टर बाईंनी तपासलं, चेहरा कडक केला आणि विचारलं की इतके महिने काय करत होतात तुम्ही? मावशींनी हनुवटीने चिमीकडे दाखवलं.

"हिला सुट्टी लागायची होती."

डॉक्टर बाईंना त्याचा अर्थ लागला नाही. त्यांनी तपासण्या लिहून दिल्या आणि काखेतही पसरलंय असं वाटतंय, उशीर झालाय, असं स्पष्ट सांगितलं.

चिमी घरी आली तेव्हा पाच वाजायला आले होते. बाप दुकान सोडून वर बसला होता. त्याच्या पुढ्यात कॉम्प्युटर, त्यावर उघडलेला अर्ज, तिचं नाव, जन्मतारीख सगळं त्याने भरून ठेवलेलं, तिची सही तेवढी चढवायची बाकी. अजून तास आहे, तो म्हणाला. आता तर भरलाच पाहिजे, एकदा पास झालीस की सगळ्यांची तोंडं बंद होतील. मावशींचं काय झालं हे त्याने अजूनही विचारलं नव्हतं.

"मी भरणार नाही," चिमी म्हणाली. "त्या औषधांच्या कॉलेजला जाऊन विचारून येणार आहे, या वर्षी घेतात का ते."

"आणि लोकांना मी काय सांगू?"

"मावशींना आठ महिने उशीर का झाला, ते सांगा. त्यात माझं सगळं आलं."

तिने त्याच्यासमोरून कॉम्प्युटर उचलला नाही की बंद केला नाही. ती तिथेच बसून राहिली. सहा वाजले आणि अर्ज आपोआप बंद झाला.

सांगायची वेळ बापावर आलीच नाही, मावशींनी स्वतःच गल्लीला सांगितलं, ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी, ओट्यावर बसून, एक शब्द न लपवता. संध्याकाळपर्यंत घरोघरी झालं. औषधवाल्यांच्या दुकानात नेहमीपेक्षा गर्दी होती. बायका आल्या, पुरुष आले, ज्यांनी दोन वर्षांपूर्वी मिठाई खाल्ली होती ते सगळे आले. काउंटरवर चिमी बसली होती. एकजण काउंटरवर कोपर टेकून, अगदी आपुलकीने, आवाज खाली आणून विचारू लागला. त्याच्यामागे दुसरा, त्याच्यामागे तिसरी. सगळ्यांचा प्रश्न एकच होता.

मग आता काय, पुन्हा बसणार का परीक्षेला?

मावशी कशा आहेत, हे विचारणारेही नंतर आले. ते फार नव्हते.