दोनदा उलटलेली त्रिगती

सोमवारी सकाळी धाकटा दुकानात आला तेव्हाच ताईने ओळखलं की हा सहज आलेला नाही. सहज आलेला माणूस आधी चहा आहे का विचारतो, पाठ दुखायची थांबली का विचारतो. धाकट्याने यातलं काही केलं नाही. तो मागच्या कपाटाकडे बघत म्हणाला, "ताई, ती जुनी डाय अजून आहे ना आपल्याकडे?"

"कुठली?" तिने विचारलं खरं, पण कुठली ते दोघांनाही चांगलं ठाऊक होतं. आजोबांपासूनचं ते ठशांचं दुकान. शिक्के, पदकं, बिल्ले. डाय म्हणजे पोलादाचा ठोकळा, त्यात चित्र आरशातल्यासारखं उलटं, खोल कोरलेलं असतं, वर पत्रा ठेवून प्रेस दाबली की बिल्ला उठून बाहेर येतो. तीन पिढ्यांच्या हजारभर डाय फळ्यांवर उघड्या पडलेल्या होत्या. एकच तेवढी तेलकट फडक्यात गुंडाळून, पत्र्याच्या डब्यात घालून, सगळ्यात खालच्या खणात ठेवलेली होती. बाबा म्हणायचे, "ती टाकायची नाही आणि वापरायचीही नाही." का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारायची त्या घरात पद्धत नव्हती.

"तीनशे बिल्ले हवेत," धाकटा म्हणाला. "रविवारी चौकातून फेरी आहे मंडळाची. आणि आपल्याच डायचे हवेत, असं मार्गदर्शकांनी खास सांगितलंय."

ताईने कोरणी खाली ठेवली. "बघते," म्हणाली. त्या एका शब्दाने तिने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, कारण धाकट्याचा चेहरा उजळला. दोन वर्षांत तो तिच्याकडे बघून असा हसला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी बायको घर सोडून गेली आणि हा पंचेचाळिशीचा बाप्या सहा महिने भिंतीकडे तोंड करून पडला. ताईने डबे नेले, रागावून पाहिलं, रडून पाहिलं. शेवटी कुणीतरी त्याला रंगाच्या दुकानावरच्या त्या खोलीत नेलं. तिथे बारा-पंधरा माणसं डोळे मिटून गोल बसत आणि मागचे जन्म आठवत. (मागच्या जन्मी कुणीही हमाल किंवा कारकून नव्हतं, सगळे पुजारी आणि सरदार.) त्यांचे मार्गदर्शक तीस वर्षं विम्याचे हप्ते गोळा करत फिरलेले. माणसाला मरणाची भीती घालायची आणि लगेच तिच्यावरचा उपाय पुढे करायचा, हे त्यांना आधीपासूनच जमत होतं. तरी ताईला तेव्हा बरंच वाटलं होतं. धाकटा दाढी करायला लागला, जेवायला लागला. असेना का मागचा जन्म, या जन्मात तर परत आला.

पण या वर्षी डोळे मिटून बसणारी ती माणसं डोळे उघडून बोलायला लागली. कुठली गल्ली आपली, कुठल्या गल्लीत कोण उपरे. आणि सगळ्यांच्या कॉलरवर कागदाची कापलेली त्रिगती आली.

त्रिगती हे मंडळाने त्या चिन्हाला दिलेलं नाव. ताई त्याला तंगड्या म्हणायची. गुडघ्यात वाकलेले तीन पाय, एका बिंदूभोवती धावणारे. चिन्ह जुनं, हजारो वर्षांचं. संग्रहालयात मातीच्या भांड्यांवर ते सापडतं, काही भांड्यांवर उजवीकडे धावतं, काहींवर डावीकडे. कुंभाराचा हात जसा बसला असेल तसं. त्याच्यावरून कुणी कुणाचं डोकं फोडल्याचं ऐकिवात नाही. मग शंभर वर्षांपूर्वी आत्म्यांशी टेबल ठोकून बोलणाऱ्यांचं एक मंडळ निघालं. त्यांनी ठरवलं की हा आत्म्याचा प्रवास आहे, आणि तो घड्याळाच्या काट्यांप्रमाणे उजवीकडे चढतो. त्यांनी बिल्ले करवून घेतले. बिल्ल्यांवरचे पाय मात्र उलटे, डावीकडे धावत होते. पुढे त्या मंडळातल्या काही लोकांनी पक्ष काढला आणि त्या उलट्या पायांतून घोषणा निघाली: काळ मागे फिरवू, आपलं जुनं राज्य परत आणू. यावर जाडजूड ग्रंथ लिहिले गेले. डावीकडेच का, याची सतरा कारणं त्यांत होती. मग पक्ष सत्तेवर आला, आणि यादीत नाव असलेल्या घरांच्या दारांवर तेच तीन पाय उमटले. त्या घरांतली माणसं उचलून नेली, त्यातली फार थोडी परत आली. पुढे पक्ष पडला, चिन्हावर बंदी आली, बंदी उठली, लोक विसरले. विसरायला लोकांना फार काळ लागत नाही.

तीन दिवस ताईचा जीव थाऱ्यावर नव्हता. शाळेच्या पदकावर तिने एकच अक्षर दोनदा कोरलं. समोरच्या दुकानातल्या घड्याळवाल्या आजी रस्त्यापलीकडून हात करायच्या, तर ती नजर चुकवायला लागली. मंगळवारी दुपारी तिने दार आतून लावलं आणि आजोबांची नमुन्यांची वही काढली. काम झालं की आजोबा डाय काजळीवर धरून कागदावर तिचा ठसा घेत आणि वहीत चिकटवत. शेजारी गिऱ्हाइकाचं मूळ चित्र.

त्रिगतीच्या पानावर चित्र होतं पातळ पारदर्शक कागदावर, कोपऱ्यात कुण्या सुशिक्षित हाताने लिहिलेलं: "आपले श्रम वाचावेत म्हणून उलटे काढून दिले आहे." आणि खाली आजोबांचं गिचमिड अक्षर. "चुकलं. सवयीने मीही उलटलं. दोनदा उलटून सरळ कोरलं गेलं, बिल्ला उलटा आला. अक्षर असतं तर लगेच दिसलं असतं. गिऱ्हाईक काही बोललं नाही. मीही नाही."

ताई खुर्चीत मागे टेकून हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ठसेवाल्याचा हात चित्र दिसलं की आधी उलटतो, त्यात डोक्याचा संबंध नसतो. तिच्याकडूनही दोनदा झालं होतं असं. सतरा कारणं, जाडजूड ग्रंथ, काळ मागे फिरवणारा पक्ष, आणि मुळात काय, तर एका कारागिराची दुपारची गफलत. धाकट्याला हे दाखवलं की झालं. तोही हसेल. लहानपणी दोघं जेवताना हसायला लागले की बाबा पानावरून उठवायचे, तसं हसेल.

मग तिने पान उलटलं.

पुढच्या पानावर पुन्हा तेच चिन्ह, पण वीस वर्षांनंतरची तारीख आणि ठसा वीतभर मोठा. हा बिल्ल्याचा नव्हता. लाकडावर तापवून डाग द्यायचा लोखंडी ठसा. खाली आजोबांनी लिहिलं होतं: "आपल्या रस्त्यावर चार दारं." पुढे चार घरांची नावं. दुसरं नाव समोरच्या घड्याळवाल्यांचं. चुकलं, असं या पानावर कुठे लिहिलेलं नव्हतं.

तिने वही मिटली. हे पान आपण पाहिलंच नाही, असं तिने ठरवलं, आणि लाज वाटली तरी ठरवलं.

बुधवारी संध्याकाळी ती रंगाच्या दुकानावरचा जिना चढली. टर्पेंटाइनचा वास, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर माणसाच्या उंचीची त्रिगती. धाकट्याने तिला पुढे बसवलं. तिने वही उघडली, पहिलं पान वाचून दाखवलं, कागद दिव्यासमोर धरून कसं दोनदा उलटलं तेही दाखवलं. "तर हे असं आहे," ती म्हणाली. "उजवं-डावं काही नाही. माझ्या आजोबांची चूक आहे ती."

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि ताईला वाटलं, जिंकलं.

मार्गदर्शक सावकाश उठले. वही त्यांनी दोन्ही हातांत घेतली. "दोनदा," ते हलक्या आवाजात म्हणाले. "चित्र काढणाऱ्याने एकदा उलटलं. कोरणाऱ्याने पुन्हा उलटलं. दोन माणसांनी अडवलं, आणि तरीही चिन्ह आपल्याला हव्या त्या दिशेने बाहेर आलं. शंभर वर्षं आपण म्हणतोय की ही दिशा माणसाने ठरवलेली नाही. आज पुरावा मिळाला. आणि तो कुणी आणला? त्या हाताच्या नातीने."

माणसं उभी राहिली. एका बाईने ताईचा उजवा हात धरून कपाळाला लावला. ताईने हात ओढून घेतला, पण तोवर दुसऱ्या कुणीतरी डावा धरला होता. धाकटा तिच्याकडे बघत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. "ताई," तो म्हणाला, "तू आलीस. शेवटी तूच घेऊन आलीस."

खरं सांगायचं तर क्षणभर तिला ते आवडलं. भाऊ परत मिळत होता, फक्त मान डोलवायची होती. मग तिला स्वतःचीच इतकी शिसारी आली की तिने वही हिसकावली आणि जिना उतरली.

धाकटा मागोमाग धावत दुकानात आला. ताईने डब्यातून डाय काढली, बाकावरच्या शेगड्याच्या जबड्यात आवळली, आणि सगळ्यात मोठी कानस घेऊन तीन पायांवर घासायला सुरुवात केली. पोलाद किंचाळत होतं. तिला वाटलं धाकटा हात धरेल, भांडेल. तो गुडघ्यांवर बसला. त्याने रुमाल पसरला आणि पडणारा लोखंडाचा कीस त्यात गोळा करायला लागला, एकेक कण, बोटाच्या टोकाने टिपून.

ताईची कानस थांबली. "काय करतोयस?"

"तू घास ना," तो शांतपणे म्हणाला. "तुलाही कळत नाहीये तुझा हात काय करतोय ते. आजोबांनाही कळलं नव्हतं."

तेव्हा तिला कळून चुकलं की हसण्यासारखी चूक दाखवून काही व्हायचं नाही. हसण्यासारखं तेवढं सांगून ती स्वतःच उरलेल्यापासून पळाली होती. तिने वही उघडून पुढचं पान त्याच्यासमोर धरलं. "हे वाच. मोठ्याने वाच."

त्याने वाचलं. "आपल्या रस्त्यावर चार..." पहिलं नाव वाचलं. दुसऱ्यावर तो थांबला आणि त्याने रस्त्यापलीकडे पाहिलं.

"इथे कुणी दोनदा उलटलं?" ताईने विचारलं. "इथे कुणाचा हात चुकला? सांग ना."

डब्याच्या तळाशी, डायच्या खाली, दुसरं एक फडकं होतं. ताईने ते उलगडलं. वीतभर ठसा, मागे दांडा बसवायची खोबण, कडा अजून काळ्या. तिने तो त्याच्या हातात दिला. "चल," म्हणाली. "तीनशे काय, तीन हजार बिल्ले करून देते. आधी हा समोरच्या आजींपुढे धर आणि सांग, ही आत्म्याची वाट आहे म्हणून."

रस्ता ओलांडायला वीस पावलं लागतात. आजींचं दार जुनं, जाड लाकडाचं, रंगाचे कितीतरी थर चढलेलं. पण डाग जळून आत गेलेला असल्यामुळे रंगाखालूनही तीन पाय दिसायचे. आजींनी दार कधी बदललं नाही. लोकांना वाटायचं, म्हातारी चिकट आहे.

आजी शहाऐंशीच्या, डोळे जवळजवळ गेलेले, पण बोटं अजून घड्याळ उघडायची. "कोण? ठसेवाली का?" त्या म्हणाल्या. "आणि सोबत धाकटा. पावलं ओळखली मी. काय आणलंय, घड्याळ?"

धाकट्याने ठसा पुढे केला. आजींनी तो मांडीवर घेतला, अंगठा कडेवरून फिरवला, मग एका पायावरून, दुसऱ्यावरून, तिसऱ्यावरून. वाकड्या गुडघ्यापाशी अंगठा जरा थांबला. धाकट्याचा हात आपोआप कॉलरवर गेला आणि कागदाचा बिल्ला त्याने तळव्याखाली झाकला. झाकायची काही गरज नव्हती, आजींना दिसत नव्हतं.

"आमच्या दाराचा," आजी म्हणाल्या.

"आजी, आम्हाला कालपर्यंत..." ताईने सुरुवात केली.

"मला माहीत होतं. सहा वर्षांची होते मी, पण या रस्त्यावर असं लोखंड दुसरं कोण कोरणार होतं? मी आणि आई परत आलो, बाबा आणि मामा नाही आले. दुकान उघडलं, आणि समोर तुमचं दुकान होतंच." त्यांनी ठसा खाली ठेवला नाही. "तुमचे वडील वर्षातून चार-पाच वेळा भिंतीवरचं घड्याळ काढून घेऊन यायचे. म्हणायचे, मागे पडतंय. मी उघडून बघायचे, त्याला काही झालेलं नसायचं. पण मी घ्यायचे, ठेवून घ्यायचे दोन दिवस. ते या स्टुलावर बसायचे, टोपी हातात फिरवत. दर वेळी मला वाटायचं, आज बोलतील. चाळीस वर्षं असं चाललं. मग एक दिवस ते गेलेच."

ताईला ते घड्याळ डोळ्यांसमोर दिसलं. आत्ता, या क्षणीही ते दुकानात बरोबर वेळ दाखवत होतं. लहानपणी तीच ते काखेत मारून बाबांच्या मागून या दारापर्यंत यायची आणि डागाच्या खळगीत बोट घालून उभी राहायची.

आजींनी पायाने स्टूल पुढे सरकवलं. "बसा," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही आलात ना. बोला."

धाकट्याने तोंड उघडलं. त्रिगतीवर तो तास तास बोलू शकत असे. पण कॉलरवरचा हात त्याने काढला नाही, मुठीत कागद चुरगळल्याचा आवाज तेवढा आला. ताई स्टुलावर बसली, वही मांडीवर उघडली आणि तिनेच सुरुवात केली.

"चार दारं होती," ती म्हणाली. "पहिलं कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यांचं. दुसरं तुमचं."